पाठवणारा ओळखीचा, मजकूर बेवारस

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारी टोळी ठरवलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. तसल्या अफवा त्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात मर्यादा घातली: संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल. 2020 मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. अंगठ्याला लगाम बसला, विश्वासाचं काय?

आमच्या जळगावच्या मेहरूणमध्ये निवडणूक आली, की गल्लीचा, भाऊबंदांचा, तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा, सगळेच ग्रुप तापतात. एखाद्या उमेदवाराचा जुना व्हिडिओ येतो, एखाद्या समाजाबद्दलचा आकडा येतो. लिहिला कुणी, ठाऊक नसतं. पाठवलेला मात्र गल्लीतल्या आप्पांनी असतो. आपण आजारी असताना याच आप्पांनी दवाखान्यात डबा पोचवलेला. मजकूर खोटा म्हणायचा तर त्यांनाच चारचौघांत खोटं पाडल्यासारखं! मग आपण गप्प बसतो. ही भीड आप्पांना संमती वाटते, आणि वाचणाऱ्याला वाटतं, अख्ख्या वॉर्डाचं हेच म्हणणं दिसतंय. कुंपणावरचा मतदार तिथेच कलतो.

छापील मजकुराचं असं नव्हतं. साने गुरुजींनी 1938 मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं. बाजू त्याच्या नावातच होती. पण 1867 च्या कायद्यानं वृत्तपत्रावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापावंच लागे. न पटलं तर भांडायला माणूस होता. फॉरवर्डशी भांडायचं तर आप्पाच सापडतात, आणि तेही म्हणतात, ‘मला आलं, मी टाकलं.’

लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याआधीचे 48 तास जाहीर सभा बंद. चौकातला भोंगा थांबतो, खिशातला चालूच राहतो. मतदानाच्या आदल्या रात्री आलेल्या आरोपाला उत्तर द्यायला उमेदवाराच्याही हाती वेळ उरत नाही.

अशा वेळी ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा आप्पांना सरळ फोन लावावा. “आप्पा, हे कुठून आलं हो? तारीख तर जुनी दिसते.” त्यांचा मान राहतो आणि प्रश्नही विचारला जातो. पटलं, तर दुरुस्ती त्यांनाच टाकायला सांगावी. आपल्या दहा खुलाशांपेक्षा ती जास्त चालेल. कारण लोकांनी मजकुरावर विश्वास ठेवलेलाच नसतो, तो आप्पांवर ठेवलेला असतो.