पाइपातून पिकवलेला बर्फ

गोठलेल्या धबधब्यावरची चढाई म्हटली की डोळ्यांपुढे निर्मनुष्य दरी येते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या युरे गावात मात्र हा खेळ घरांना खेटून चालतो, आणि तिथला बहुतेक बर्फ माणसांनी तयार केलेला असतो. सुमारे 7,800 फुटांवरच्या, जेमतेम हजारभर वस्तीच्या या गावाशेजारी अनकंपाग्रे नदीची अरुंद घळ आहे. घळीच्या काठाने जलविद्युत केंद्राकडे जाणारा जुना नळ गळायचा. थंडीत त्या गळतीचा बर्फ कड्यावर लोंबायचा, आणि लोक त्यावर चढायचे. 1990च्या दशकात स्थानिकांनी ही गळतीच शिस्तीत करायचं ठरवलं. आता माथ्यावर पाइप आणि फवारे आहेत, आणि थंडीत तोट्या कमीजास्त करत फिरणारे कर्मचारीही. त्यांना तिथे ‘आइस फार्मर’ म्हणतात.

नळाचा बर्फ म्हणजे नकली, असं नाक मुरडणाऱ्यांनी एकदा त्या घळीत उतरावं. बुटांना बांधलेल्या काटेरी क्रॅम्पॉनची पुढची टोकं रुतवून शरीराचा भार पायांवर तोलायचा. हातातल्या वाकड्या पात्याच्या कुऱ्हाडीचा घाव फुगवट्यावर नाही, खोलगट जागी घालायचा. फुगीर बर्फाच्या ताटलीएवढ्या कपच्या उडतात. कडाक्याच्या थंडीत बर्फ जास्त भक्कम असेल असं नवख्याला वाटतं. उलट तो ठिसूळ होतो. शून्याच्या जरा खालचा बर्फ पातं चांगलं धरतो. कपच्या अंगावर येतात म्हणून दोर सांभाळणाऱ्याने चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही. हात सतत डोक्यावर असल्याने बोटं बधिर होतात, आणि रक्त परतताना अशी कळ येते की मुरलेले गडीही कण्हतात. पाणी नळाचं की झऱ्याचं, ही चौकशी ती कळ करत नाही.

जेफ लो आणि माइक वाइस या गिर्यारोहकांनी 1974मध्ये कोलोरॅडोतल्याच टेल्युराइडजवळचा ब्रायडल व्हेल हा गोठलेला, अस्सल धबधबा सर केला. त्याच लो यांनी 1996मध्ये युरेचा बर्फमहोत्सव सुरू केला. त्यांना चालला तो बर्फ बाकीच्यांना चालायला हरकत नसावी.

हरकत घ्यायचीच तर पाण्यावरून घ्यावी. हा बर्फ गावाच्या वापरातून उरलेल्या पाण्यावर पोसला जातो आणि हिवाळे उबदार होऊ लागल्यावर ते पाणी पुरेनासं झालं. शेवटी जवळच्या चांदीच्या खाणीने आपल्या हक्काचं पाणी देऊ केलं. वसंतात बर्फ वितळून नदीलाच मिळतो, त्यामुळे ही उधळपट्टी म्हणता येणार नाही. पण कोणाचं पाणी, कधी आणि कशासाठी, हे त्या गावाला ठरवावंच लागलं.

लडाखमध्ये बर्फ पिकवण्याचं हेच तंत्र पोटासाठी वापरलं जातं. चेवांग नोर्फेल यांनी ओढ्यांचं पाणी अडवून कृत्रिम हिमनद्या केल्या. सोनम वांगचुक यांनी पाइपातून पाणी उडवून बर्फाचे स्तूप उभारले. हेतू एकच: वसंतात, पेरणीच्या तोंडावर, शेताला पाणी मिळावं. अलीकडे लडाख आणि स्पीतीत गोठलेल्या धबधब्यांवर चढाईही होऊ लागली आहे. ती वाढावी, हिवाळ्यात हाताला काम नसलेल्या तरुणांना त्यातून वाटाड्याची कमाई होईल. नैसर्गिक धबधबे त्यासाठी पुरेसे आहेत. उद्या कोणी तिथे युरेसारखी बर्फबाग काढायला निघालं, तर पर्यटन खात्याच्या परवान्याआधी गावच्या चुरपोनची, म्हणजे शेतांना पाण्याच्या पाळ्या लावून देणाऱ्या माणसाची, संमती बंधनकारक असावी.