आधी कोण, मग कोण?

भाचा पुण्यात सर्किट बोर्डांचं काम करतो. त्याच्याकडून जे समजून घेतलं त्यावर माझं मत मांडतोय; जाणकार ब्लॉगमित्रांनी खुशाल कान धरावा.

बोर्डावर सगळ्यांना एकाच मापाची वीज चालत नाही. प्रोसेसरच्या गाभ्याला साधारण १ व्होल्ट, मेमरीला १.२ किंवा १.५, बाहेरच्या जोडण्यांना बहुधा ३.३. त्यातही कोणाला आधी द्यायची ते ठरलेलं. क्रम चुकला तर वीज भलत्या वाटेने शिरते आणि चिप जळूही शकते. म्हणून सिक्वेन्सर नावाची चिप असते, पंगतीतल्या वाढप्यासारखी. एक व्होल्टेज मापाला पोचलं हे पाहून मगच ती पुढचं सोडते. मधलं अंतर काही मिलिसेकंदांचं. हे आकडे लॅपटॉपवरून तिच्यात भरायचे.

इथवर ठीक. माझा मुद्दा बंद होण्याचा. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात, तरी पावसाळ्यात लाईन जाते, येते, लगेच पुन्हा जाते. कपॅसिटर अर्धवट भरलेले असताना बोर्ड परत चालू झाला की ठरवलेल्या क्रमाला काय अर्थ? सगळे व्होल्टेज खाली उतरेपर्यंत पुन्हा चालू होऊ नये, अशी अट बऱ्याच सिक्वेन्सरमध्ये घालता येते. आरोग्यकेंद्रातल्या यंत्रांना तरी ती सक्तीची हवी.

भाचा म्हणतो, "मामा, आमच्या चाचणीच्या यादीत ते नाही."

मग घाला की यादीत! जुलैत चार दिवस बोर्ड घेऊन सालेकशाकडे या. जेवणाखाण्याची सोय माझ्याकडे.