घास कोणी भरवायचा?

‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी दप्तरात जन्मलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, असा मार्ग त्यांनी काढला. त्यातून अंगणवाडी उभी राहिली. शासनाने ती स्वीकारली ती पुढे ३० वर्षांनी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि शिक्षणाच्या जोडीला पूरक आहारही आला.

आज या आहाराचे दोन भाग आहेत. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसून गरम, ताजे अन्न खातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना मात्र ‘घरपोच आहार’ मिळतो; म्हणजे शिरा, उपमा, सुकडी यांचे पाकीटबंद मिश्रण, कधी कोरडा शिधा. आमचा आक्षेप या दुसऱ्या भागाला आहे. सहा महिन्यांनंतर केवळ आईचे दूध पुरत नाही. पोट लहान, म्हणून थोडे थोडे, मऊ, स्निग्ध अन्न दिवसातून अनेकदा भरवावे लागते. वाढ एकदा खुंटते ती याच वयात. पुढे ती भरून काढणे फार कठीण. आणि नेमक्या याच वयाला आपण पाकीट देतो! आई पहाटे मजुरीला गेली, घरात सांभाळायला सात वर्षांची ताई. ते पाकीट उघडून, शिजवून, चार वेळा भरवणार कोण? घरात चार तोंडे असतील तर ते सर्वांच्याच पातेल्यात जाणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्यांतील तान्ह्यांचा तर विचारच करवत नाही.

शिवाय पाकीट आले की कारखाना आला, निविदा आली. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. ते काम गावातील महिला मंडळे व बचत गट यांनी करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच बजावले होते. तरीही महाराष्ट्रात घरपोच आहाराची कंत्राटे बड्यांकडे गेली. निविदेच्या अटीच अशा, की खेड्यातील दहा-बारा भगिनींचा गट उंबरठ्याशीच अडावा. अखेर फेब्रुवारी २०१९मध्ये न्यायालयाला ती प्रक्रिया रद्द करावी लागली.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. आधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. सारा दोष आहाराचा नव्हे, हे मान्य. पण प्रगत म्हणविणाऱ्या राज्याला हे आकडे शोभत नाहीत. याच राज्याने २००५ साली राजमाता जिजाऊंच्या नावाने देशातील पहिले पोषण अभियान उभारले होते.

यावर उपाय नवा शोधावयाचा नाही. अंगणवाडीतच पाळणाघर चालविण्याची तरतूद केंद्राच्या ‘पालना’ योजनेत आहे. आई कामावर असताना बालक तिथे राहील, शेजारच्याच मावशी शिजवतील आणि भरवतील. नाचणी, मूग, शेंगदाणे, पालेभाजी हे सारे गावच्याच शिवारातले. मात्र त्यासाठी पैसा मोकळा करावा लागेल. २०१७ साली एका बालकाच्या आहाराचा दैनंदिन दर ६ रुपयांवरून ८ रुपये करण्यात आला. आठ रुपयांत शहरात चहाही मिळत नाही! ही रक्कमदेखील वेळेवर न मिळाल्याने बचत गटाच्या भगिनी किराणा दुकानदाराच्या उधारीवर चूल पेटवतात.

आपल्या गावातील, वस्तीतील अंगणवाडीत आपण शेवटचे कधी गेलो होतो? सुशिक्षित कुटुंबांतील मुले तिथे जात नाहीत, म्हणून आपलाही पाय तिकडे वळत नाही. एकदा सकाळी अकरा वाजता जावे. किती मुले जेवायला बसली, वजनाची नोंद कधीची आहे, गटाचे बिल किती महिन्यांपासून थकले आहे, हे सेविकेला आदराने विचारावे. आणि तीन वर्षांखालची मुले त्या वेळी कुठे आहेत, तेही.