मापाचें वजन

गेल्या महिन्यांत नातवाच्या वाढदिवशीं आमच्या घरीं एक लहानसा अनर्थ घडला, आणि त्याचा दोष सर्वस्वीं आमच्या माथीं आहे. सूनबाईपाशीं नानकटाईची जी कृति होती, तींत मैदा दोन कप, पिठीसाखर एक कप व पातळ तूप एक कप असें प्रमाण होतें. मापाचा कप घरांत नव्हता. वजनकांटा मात्र होता. "मामंजी, कपाचे ग्रॅम किती धरायचे?" असें तिनें विचारतांच, जन्मभर मुलांस गणित शिकविलेल्या आम्हीं मान वर न करितां उत्तर दिलें, "दोनशें चाळीस." त्याप्रमाणें सर्व जिन्नस तोलले गेले. पीठ कांहीं केल्या मिळून येईना. भट्टींतून भुगा निघाला. सूनबाई एक शब्दही बोलली नाहीं, त्यामुळें आम्हांस अधिकच ओशाळवाणें झालें.

२४० ग्रॅम हें पाण्याचें वजन. कप हें आकारमानाचें माप. त्यांत २४० मिलिलिटर जागा असते, आणि ती जागा जो पदार्थ व्यापील त्याच्या घनतेवर वजन अवलंबून राहतें. हलक्या हातानें भरलेला कपभर मैदा सुमारें १२० ते १२५ ग्रॅम भरतो. पिठीसाखर जवळजवळ तितकीच. दाणेदार साखर सुमारें २००, व पातळ तूप सुमारें २२०. म्हणजे आमच्या उत्तरानें मैदा व साखर दुप्पट झालीं, आणि तूप मात्र होतें तेवढेंच राहिलें!

वास्तविक हा भेद आपणांस नवा नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत चार अंगुळें रुंद व तितक्याच उंच भांड्यास कुडव म्हटलें आहे. कुडव म्हणजे चार पलें हें वजनही तेथेंच आहे. परंतु कुडवापासून पुढें द्रव पदार्थ दुप्पट घ्यावे, असा संकेतही वैद्यकांत आहे. कोरडें व ओलें एका हिशेबानें मोजूं नये, हा विवेक त्यांत स्पष्ट दिसतो. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक पद्धति येण्यापूर्वीं आपला शेरही मापाचा निराळा व वजनाचा निराळा असे.

तेव्हां गृहिणींनीं एवढें करावें. घरांतील एकच वाटी मापासाठीं ठरवावी. ती रिकामी तोलावी. मग पाणी भरून तोलावी. वजनांतील फरक जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर ती वाटी. नंतर मैदा, रवा, साखर व तूप पाळीपाळीनें भरून प्रत्येकाचें वजन कागदावर टिपावें व तो कागद फडताळाच्या दाराला आंतून चिकटवावा. मैदा चाळून, चमच्यानें सैल भरून, सुरीच्या पाठीनें सपाट करावा; डब्यांत वाटी खुपसून दाबून भरल्यास कपामागें वीस-पंचवीस ग्रॅम सहज अधिक येतात. सोडा व वेलदोड्याची पूड मात्र चमच्यानेंच घ्यावी. इतकें सूक्ष्म वजन घरगुती कांट्यावर नीट उमटत नाहीं.

पुढच्या रविवारीं नानकटाई पुन्हा झाली. या खेपेस तोलण्याचें काम आम्हीं केलें, आणि आंकडे सूनबाईनें सांगितले.