डिंगमारांच्या वहींतील दोन पानें

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांचीं नांवें आलीं आहेत, त्यांत 'डिंगमार' असें एक नांव आढळतें. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. इंग्रज, फिरंगी व वलंदेज यांच्या कथा आमच्या मुलांस पाठ असतात. डिंगमार मात्र विस्मृतींत गेले. वास्तविक मराठी भाषेवर त्यांच्या राज्याचा एक उपकार आहे, आणि त्याच राज्याच्या माथीं एक घोर पातकही आहे. दोहोंचा हिशेब एकत्र मांडावा, म्हणून हा प्रपंच.

इ. स. १६२० मध्यें तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डेनांनीं पूर्व किनाऱ्यावरील तरंगंबाडी मिळविली. पुढें तंजावर भोसल्यांकडे आलें, तेव्हां ते त्या दरबारास दरसाल खंड भरीत. १७५५ सालीं बंगालच्या नवाबाच्या परवानगीनें त्यांनीं हुगळीकांठीं श्रीरामपूर येथें वखार घातली. त्या काळीं ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस थारा देत नसे. म्हणून विल्यम केरी व त्यांचे सहकारी डेनांच्या आश्रयास गेले, आणि १८०० सालीं तेथें छापखाना निघाला. त्याच छापखान्यांतून १८०५ सालीं केरीसाहेबांचें मराठी व्याकरण बाहेर पडलें, व १८१० सालीं मोडी ठशांचा कोश. या कामीं वैजनाथ नामक पंडितांचें त्यांस साहाय्य होतें. साहेबांचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें उघड आहे. तथापि त्या मुद्रणानें आमच्या भाषेचें कल्याणच झालें.

आतां दुसरें पान. याच निशाणाखालीं आफ्रिकेच्या सुवर्णकिनाऱ्यावर ख्रिश्चनबोर्गचा किल्ला होता, आणि अटलांटिकच्या पलीकडे सेंट थॉमस, सेंट जॉन व सेंट क्रॉय हीं बेटें होतीं. बेटांवर उंसाचे मळे, आणि मळ्यांत राबण्यासाठीं आफ्रिकेंतून विकत नेलेलीं माणसें! अशीं सुमारें एक लक्ष माणसें डेन जहाजांतून वाहून नेलीं गेलीं. हा व्यापार बंद करण्याची राजाज्ञा १७९२ सालीं निघाली. पण ती अंमलांत आली १८०३ मध्यें, आणि मधल्या दहा वर्षांत मळेवाल्यांनीं गुलामांची भरतीच करून घेतली. गुलामगिरी सुटली १८४८ सालीं, तीही कोणाच्या दयेनें नव्हे. सेंट क्रॉयवरील हजारों गुलाम किल्ल्यापुढें जमले, तेव्हां गव्हर्नर फॉन शोल्टेन यांस मुक्ततेची घोषणा करावी लागली.

पुढें हा संसार विकावयास निघाला. १८४५ सालीं तरंगंबाडी व श्रीरामपूर इंग्रजांनीं साडेबारा लक्ष रुपयांस घेतलीं. १८५० सालीं आफ्रिकेंतील किल्लेही त्यांनींच घेतले. आणि १९१७ सालीं तीं तीन बेटें अमेरिकेनें अडीच कोटी डॉलरांस घेतलीं. या शेवटच्या विक्रीपूर्वीं डेन्मार्कमध्यें लोकांचा कौल घेतला गेला. बेटांवरील रहिवाशांस मात्र कोणीं विचारलें नाहीं! त्याच राजाच्या छत्राखालीं असलेल्या आइसलंडच्या लोकांनीं १९४४ सालीं आपल्याच कौलानें प्रजासत्ताक स्थापिलें. विकला जाणारा आणि विचारला जाणारा, यांत हा असा भेद आहे.

श्रीरामपूरचें ऋण आम्ही आनंदानें मानतों. परंतु उपकार स्मरावा तो पातक झांकण्यासाठीं नव्हे. मुलांस इतिहास सांगतांना वडील मंडळींनीं या वहीचीं दोन्ही पानें उघडून दाखवावीं, एवढीच आमची विनंति.