आमच्या वेळेची किंमत कोण ठरवणार?

नागपूरला रोज अप-डाउन करणाऱ्या माणसाला 'गाडी किती वाजता येते?' असे विचारून पाहा. तो आधी हसतो आणि मग दोन वेळा सांगतो. एक वेळापत्रकातली आणि दुसरी खरी. वर्धा, सेवाग्राम, सिंदी, बुटीबोरी, काटोल, नरखेड, रामटेक, कामठी, कन्हान, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया अशा कितीतरी स्टेशनांवरून माणसे रोज सकाळी नागपुरात येतात आणि रात्री परत जातात. त्यांत कारखान्यातला कंत्राटी कामगार आहे, इस्पितळात झाडलोट करणारी बाई आहे, कपड्याच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा पोरगा आहे, स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत येणारी मुलगी आहे आणि ठिय्यावर कामाची वाट पाहणारा मजूर आहे. यांतली बहुसंख्य माणसे बहुजन समाजाची आहेत. या माणसांचा जो वेळ रोज फलाटावर आणि आउटरवर मारला जातो त्याचा हिशेब कोण ठेवतो, एवढाच आमचा सवाल आहे.

आम्हीही याच गाड्यांतून फिरलो आहोत. शहर दिसायला लागते, लोक डबे-पिशव्या सावरून दाराशी येतात आणि गाडी आउटरवर उभी राहते. दहा मिनिटे, वीस मिनिटे, चाळीस मिनिटे. शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी निघून जाते, तिच्यामागून एखादी झगझगीत वातानुकूलित गाडी निघून जाते. आमची गाडी हलत नाही. आमच्या डब्यात एक ताई असत. शहरातल्या एका खाजगी इस्पितळात ठेकेदारामार्फत सफाईचे काम करीत. थोडा उशीर झाला तर ठेकेदार अर्धा दिवस कापायचा, तासभर झाला तर दारातूनच परत पाठवायचा. अशाच एका सकाळी घड्याळ पाहून त्या म्हणाल्या, "पासाचे पैसे त पयलेच गेले जी, आता रोजीबी गेली." त्यांच्या आवाजात राग नव्हता. सवय होती. आम्हाला त्या सवयीची भीती वाटते.

गाडीचा उशीर ही आपल्याकडे पावसासारखी नैसर्गिक गोष्ट समजली जाते. आम्ही ते मान्य करीत नाही. एका रुळावर दोन गाड्या आल्या की कोणाला पुढे सोडायचे आणि कोणाला बाजूला उभे करायचे, हा निर्णय माणसे घेतात. तो घेण्यासाठी ठरलेली क्रमवारी असते. मोठ्या लोकांची गाडी आधी, लांब पल्ल्याची एक्स्प्रेस त्यानंतर आणि पॅसेंजर-मेमू सर्वांत शेवटी. मालगाडी कागदावर पॅसेंजरच्याही खाली, पण कमाईची निकड आली की प्रत्यक्षात वर. बाबासाहेबांनी या देशाच्या समाजरचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ती विषमता आपण गावात पाहिली, शाळेत पाहिली, कचेरीत पाहिली. रुळांवर ती पाहायला आपण अजून शिकलो नाही.

ही आमची कल्पना नाही. 2022 सालचा एप्रिल महिना आठवा. उन्हाळा भडकला, विजेची मागणी वाढली, वीजकेंद्रांतला कोळसा कमी पडला. तेव्हा कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी रेल्वेने देशभरात शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द केल्या. त्याचा मोठा फटका दक्षिण पूर्व मध्य रेल्वेला बसला. नागपूर हा तिचा एक विभाग. आता हा कोळसा कोठला? उमरेड, कामठी, सिल्लेवाडा, वणी, बल्लारपूर, माजरी येथील खाणींचा कारभार नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स पाहते. वीजकेंद्रे कोठली? चंद्रपूरचे 2920 मेगावॅटचे केंद्र आमच्या दाराशी, कोराडी आणि खापरखेडा आमच्या उशाशी. जमीन आमची गेली, धूळ आमच्या फुप्फुसात गेली, राख आमच्या शेतात पडली. आणि कोळसा वाहायची वेळ आली तेव्हा गाडीही आमचीच रद्द झाली. त्याच वर्षी 11 डिसेंबरला नागपूरहून बिलासपूरला जाणाऱ्या वंदे भारत गाडीला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. वंदे भारतला आमचा विरोध नाही. ज्याला जायचे त्याने जावे. परंतु ज्या रेल्वेला त्या गाडीसाठी वाट सापडते तिला सकाळच्या पॅसेंजरसाठी वाट का सापडत नाही, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे.

रेल्वेचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. मार्ग अपुरे आहेत, गाड्या जास्त आहेत. म्हणून नागपूर-सेवाग्राम, राजनांदगाव-कळमना अशा मार्गांवर तिसऱ्या-चौथ्या लाइनची कामे काढावी लागली आणि त्यांच्यासाठी ब्लॉक घ्यावे लागले. हे खरे आहे. काम करायचे तर गाड्या थांबणार, एवढे न समजण्याइतका आपला समाज अडाणी नाही. आमची तक्रार वेगळी आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये पहिली कुऱ्हाड कोणावर पडते? सूचना किती दिवस आधी मिळते? रद्द झालेल्या मेमूच्या पासधारकाला त्या दिवशी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसू देतात, की दंडाची पावती फाडतात? उद्याच्या विकासासाठी आज त्रास सोसा असे सांगताना तो त्रास रोज एकाच माणसाच्या माथी का?

उशीर मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. महालेखापरीक्षकांचा गाड्यांच्या वक्तशीरपणावरचा अहवाल 2022 साली संसदेपुढे आला. त्यानुसार मेल-एक्स्प्रेस गाड्यांचा वक्तशीरपणा 2012-13 साली 79 टक्के होता, तो 2018-19 साली सुमारे 69 टक्क्यांवर घसरला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गाडी वेळेवर धावली की नाही हे रेल्वे शेवटच्या स्टेशनावर पोहोचण्याच्या वेळेवरून ठरवते. शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकातच जास्तीची मिनिटे घालून ठेवलेली असतात. म्हणजे गाडी मध्ये तासभर रखडली तरी शेवटी वेळ भरून निघाली की कागदावर 'राइट टाइम'. मग सिंदीला उतरणारा, कामठीला चढणारा, काटोलच्या फलाटावर तासभर उभा असलेला माणूस गेला कोठे? तो मधल्या स्टेशनाचा. त्याचा उशीर हिशेबात धरलाच जात नाही. जे मोजले जात नाही ते सुधारले जाणार कसे?

काही शहाणे म्हणतील, तुमचा पास किती स्वस्त! प्रवासाच्या खर्चाचे सरासरी 57 टक्केच वसूल होतात असे तिकिटावर छापून प्रवाशाला उपकाराची आठवण करून देण्याची पद्धत रेल्वेने पाडली. या युक्तिवादाची परीक्षा कोरोनाच्या काळात झाली. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या. पुढे पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या तेव्हा त्यांना 'स्पेशल'चे लेबल लावले आणि 10 रुपयांचे किमान भाडे 30 रुपये केले. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस ते पुन्हा 10 रुपयांवर आले. मधली वर्षे गरीब माणसाने तिप्पट भाडे भरले. गाडी तिप्पट वेळेवर आली काय? उलट लहान स्टेशनांवरचे कितीतरी थांबे त्याच काळात उठले. तेव्हा स्वस्त आहे म्हणून उशीर सोसा, हा युक्तिवाद खोटा आहे. स्वस्त प्रवास ही भीक नाही. गावात काम नाही आणि शहरात राहायला जागा परवडत नाही, अशा माणसाच्या जगण्याचा तो आधार आहे.

आंबेडकरी चळवळीने या प्रश्नाकडे किरकोळ म्हणून पाहू नये. बाबासाहेबांनी पाहिले नव्हते. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथेच सांगितले. रेल्वेत आपल्या माणसाला गँगमनच्या कामातच का अडकवून ठेवतात, पोर्टर म्हणून का घेत नाहीत, याचाही त्यांनी उलगडा केला. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि सवर्ण स्टेशनमास्तरला अस्पृश्याचा हात घरात नको होता. रूळ राखायला आपला माणूस चालत होता, घरातल्या पाण्याला त्याचा हात चालत नव्हता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना 1946 साली बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली आणि आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 झाले. आठवड्याचे सहा तास बाबासाहेबांनी मजुराला परत मिळवून दिले. ते तास शिकण्यासाठी, मुलांना वाढवण्यासाठी, सभा-संघटनेसाठी होते. आज अप-डाउन करणाऱ्या कामगाराचा रोजचा एक तास जरी गाडीच्या उशिरात गेला तरी आठवड्याचे सहा तास होतात. कायद्याने दिलेले तास फलाटावर हिसकावले जात आहेत आणि आपण चहा पीत गाडीची वाट पाहत आहोत.

भरपाईचेही तसेच. 6 सप्टेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उशिराचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेला सिद्ध करता आले नाही तर तिला भरपाई द्यावी लागेल. त्या प्रकरणात गाडी चार तास उशिरा जम्मूला पोहोचली होती, प्रवाशाचे श्रीनगरचे विमान चुकले होते आणि सुमारे 30 हजार रुपये मंजूर झाले होते. निकाल चांगला आहे, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण ज्याचे विमान चुकले तो वकील लावू शकला. ज्याची हजेरी चुकली त्याने काय करावे? एका दिवसाच्या रोजीसाठी तो ग्राहक मंचात गेला तर पुढच्या तारखांना आणखी खाडे पडतील.

वर्षातून एकदा मात्र रेल्वेतील गैरसोयीची सर्वांना आठवण होते. 6 डिसेंबरला आपले लोक चैत्यभूमीकडे निघतात आणि गाड्यांत गर्दी होते तेव्हा काही वर्तमानपत्रांना आरक्षित प्रवाशांचे हाल दिसू लागतात. आरक्षित प्रवाशाला त्याची जागा मिळाली पाहिजे, यात वाद नाही. म्हणूनच पुरेशा विशेष गाड्या वेळेवर सोडा, अशी मागणी आपण करतो. पण दोन दिवसांची गर्दी ज्यांना खुपते त्यांना बाराही महिने जनरल डब्यात दाराला लटकणारा माणूस कसा दिसत नाही?

आश्वासनांना तोटा नाही. नागपूरभोवतीच्या गावांसाठी ब्रॉडगेज मेट्रोचा करार 2018 साली झाला. त्यानंतर घोषणा पुष्कळ झाल्या, वर्धा-रामटेकचा पासधारक मात्र जुन्याच गाडीची वाट पाहत राहिला. इतवारी-नागभीड ही शंभर वर्षांहून जुनी छोटी लाइन ब्रॉडगेज करण्यासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद केली. कुही, उमरेड, भिवापूरच्या गोरगरिबांची ती गाडी होती. पाच वर्षे उलटली तरी नागभीडपर्यंत नवी प्रवासी गाडी धावली नव्हती. पर्यायी गाडी नाही, एस.टी.चे भाडे परवडत नाही. म्हणून पोरींचे कॉलेज सुटते. त्या सुटलेल्या कॉलेजची नोंद कोणत्याही प्रकल्प अहवालात नसते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मधल्या प्रत्येक स्टेशनावरचा उशीर मोजा आणि दर महिन्याला जाहीर करा. सकाळी आणि संध्याकाळी कामाच्या वेळेतल्या गाड्यांना आउटरवर अडवू नका. ब्लॉकच्या दिवशी पासधारकाला एक्स्प्रेसमध्ये बसू द्या. गाडीला उशीर झाला तर स्टेशनावर तसा दाखला द्या आणि तो पाहून ठेकेदाराने रोजी कापू नये, असा आदेश कामगार खात्याने काढावा. विभागीय रेल्वे सल्लागार समितीत व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी बसतात, तेथे कष्टकरी पासधारकांनाही जागा द्या.

हे मागितल्याशिवाय मिळणार नाही, आणि एकेकट्याने मागून तर मुळीच मिळणार नाही. नागपुरात रेल्वेची दोन विभागीय कार्यालये आहेत. एकाचे वरिष्ठ मुंबईत, दुसऱ्याचे बिलासपुरात. एकाकडे गेलो की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून दोन्ही दारांवर एकाच दिवशी जावे लागेल. कामठीच्या बिडी कामगारांना बाबू हरदासांनी संघटित केले तेव्हा त्या कामगारांजवळ तरी काय होते? आपल्याजवळ निदान वही-पेन आहे. प्रत्येक डब्यातल्या एकाने एक महिनाभर रोज लिहावे: गाडी कोणती, वेळ कोणती, आली किती वाजता, कोणाची किती रोजी कापली. कामठीची वही, सिंदीची वही, काटोलची वही, तुमसरची वही. महिन्याच्या शेवटी या साऱ्या वह्या घेऊन आपण दोन्ही कार्यालयांत जाऊ. रेल्वे आपला उशीर मोजत नसेल तर तो आपण मोजू. आमच्या वेळेची किंमत आम्हीच सांगितली पाहिजे. सुरुवात उद्या सकाळच्या गाडीपासून करा.