अजगराचा स्वभाव आणि त्याची हद्द

धानाची कापणी सुरू झाली की भंडारा-गोंदियापासून रायपूरपलीकडे महानदीच्या काठापर्यंत पसरलेल्या मुलखातून सर्पमित्रांकडे आणि वनखात्याच्या नाक्यांवर एकाच मासल्याच्या वर्द्या येऊ लागतात: कापणीयंत्र बांधीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले, पिकाचा अखेरचा पट्टा उरला आणि त्यात भला मोठा अजगर पडलेला दिसला. वर्दी देणाराची विनंतीही ठरलेली असते. हे जनावर वाट चुकून इकडे आले आहे, तेव्हा त्याला उचलून दूरच्या जंगलात नेऊन सोडावे. ही विनंती मान्य करण्यात आपल्यापैकी अनेकांना पुण्यकर्माचे समाधान लाभते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्रही येते. या शिरस्त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण ज्याला आपण वाट चुकलेला समजतो तो अजगर बहुधा स्वतःच्या घरातच बसलेला असतो.

रायपूर जिल्ह्यातील अभनपूर तहसीलच पाहा. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेल्या आणि पुढे मध्यप्रांताच्या दफ्तरात आपल्या भंडाऱ्याबरोबरच नोंदल्या गेलेल्या या प्रदेशात कागदोपत्री जंगल फारसे नाही. परंतु रुद्रीच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या महानदी कालव्याचे पाट, गावोगावचे जुने तलाव, बांधांवरची बाभूळ-पळसाची झुडपे, राजिमच्या बाजूला महानदीच्या पात्रालगतचे उंच गवत, आणि वल्लभाचार्यांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानलेल्या चंपारणची, झाड तोडू नये या लोकनियमाने राखलेली वनराई, हे सर्व एकत्र धरले तर अजगराला लागणारे काय तेथे नाही? उथळ पाणी, दडून राहण्यास साळिंदराचे बीळ वा पोकळ खोड, ऊन घेण्यास निवांत उंचवटा, आणि घुशींपासून पाणकोंबड्यांपर्यंतचे भक्ष्य, एवढी सामग्री जेथे मिळते तेथे तो राहतो. मग महसूल खात्याने त्या जमिनीस कोणते नाव दिले आहे याची चौकशी तो करीत नाही. उत्तरेकडून नव्या रायपूरचे रुंद रस्ते सरकत येत आहेत आणि रायपूर-अभनपूर मार्गावर जुन्या छोट्या गाडीच्या जागी ब्रॉडगेज आली आहे. माणसांशी त्याच्या गाठी वाढल्या आहेत त्या या हालचालींमुळे. त्याने हद्द ओलांडली म्हणून नव्हे.

भारतीय अजगराचा एकूण विस्तार पाहिला तरी हेच प्रत्ययास येते. पाकिस्तानातील सिंधूच्या खोऱ्यापासून नेपाळच्या तराईपर्यंत आणि खाली सह्याद्री उतरून श्रीलंकेपर्यंत तो आढळतो. त्यात रुक्ष झुडपी माळ आहेत तसे सदापर्णी जंगलही आहे. ईशान्य भारतात त्याचा भाऊबंद ब्रह्मी अजगर सुरू होतो, ज्याला २००९ साली स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला, आणि निकोबार बेटांवर जगातील सर्वांत लांब सर्प, म्हणजे जाळीदार अजगर, आपल्या सरहद्दीत येतो. या तिघांना एकाच 'अजगर' या नावाखाली जमा करून त्यांच्या स्वभावाविषयी बोलणे हे पुष्कळ घोटाळ्यांचे मूळ आहे. फिलिपिन्समधील आग्ता या वनवासी समाजातील प्रौढ पुरुषांपैकी २६ टक्क्यांवर अजगराने कधी ना कधी हल्ला केला होता, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिले आहे. पण ती कैफियत जाळीदार अजगराची आहे, आपल्या बांधीतल्या प्राण्याची नव्हे.

आपल्या अजगराची ख्याती नेमकी उलट, सुस्त व गरीब अशी आहे, आणि आमच्या मते ती ख्याती भीतीपेक्षा अधिक अनर्थ करते. ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यात हवामानाचा वाटा किती मोठा आहे, हे भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सु. भूपती यांनी दीर्घकाळ केलेल्या अभ्यासावरून ध्यानात येते. तेथील अजगर थंडीचे दिवस साळिंदरांच्या बिळांत काढतात आणि ऊन चढल्यावर बिळाच्या तोंडाशी येऊन पडतात. पौषातल्या सकाळी मऊ दोरासारखा हाती येणारा अजगर शांत प्रकृतीचा आहे असे नाही; त्याच्या स्नायूंना अद्याप चपळाईपुरती ऊब मिळालेली नसते, एवढेच. तोच प्राणी ज्येष्ठातल्या दुपारी उचलू पाहाल तर दीर्घ फूत्कार, पाठोपाठ झेप, आणि आत वळलेल्या दातांच्या रांगांचा अनुभव घ्याल. कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर धूसर पडदा आलेला, अंड्यांवर बसलेली मादी, आणि नुकतेच भक्ष्य गिळलेला, या तीन अवस्थांतील अजगर नेहमीच्या हिशेबात बसत नाहीत. शेवटच्याविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. ब्रह्मी अजगरावरील प्रयोगांत भोजनानंतर दोन दिवसांत हृदयाचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे २००५ साली दिसून आले. पचनासाठी सारे शरीरच जणू नव्याने उभारावे लागते. अशा प्राण्याला गर्दीत घेरून, शेपटीला धरून ओढले की तो पळता यावे म्हणून भक्ष्य ओकून टाकतो, आणि ती सारी गुंतवणूक वाया जाते. बघ्यांना ते किळसवाणे वाटते. आपण मात्र ते आपल्या खाती नोंदवावे.

गरिबीच्या या ख्यातीचा दुसरा परिणाम माणसाच्या गळ्याशी येतो, आणि हे अक्षरशः खरे आहे. २०१८ साली जलपाईगुडी भागात एका वनाधिकाऱ्याने पकडलेला मोठा अजगर ग्रामस्थांसमोर गळ्यात घेतला, तेव्हा तो आवळू लागला आणि सहकाऱ्यांनी वेटोळे सोडवले म्हणून प्राण वाचले. वनपर्वातील भीमाला नहुष-अजगराच्या विळख्यातून युधिष्ठिराच्या उत्तरांनी सोडविले. दर वेळी असा धर्मराज हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. मोठ्या अजगराला एकट्याने हात घालू नये, डोके धरणारा एक व देह तोलणारे दुसरे असावेत, चावलाच तर हिसका देऊ नये, हे प्रत्येक अनुभवी सर्पमित्रास ठाऊक असते. पण समोर मोबाईलचे कॅमेरे उंचावले की ठाऊक असलेले विसरण्याची विलक्षण हातोटी आपल्या क्षेत्रात आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे अजगराचे पिल्लू समजून घोणस उचलणे. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात आणि खवले कणेदार, खरखरीत असतात. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, मोठे, आणि खवले गुळगुळीत व उन्हात चमकणारे. घोणशीच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. 'अजगर दिसला' ही वर्दी तीन फुटांच्या आतल्या प्राण्याविषयी असेल तर ती घोणशीची समजूनच चालावे.

आता त्या दूरच्या जंगलाचा प्रश्न. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेले ब्रह्मी अजगर इतके फोफावले की २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जेथे ते सर्वांत जास्त काळ आहेत त्या भागात रॅकून व ओपोसम या प्राण्यांच्या दर्शनात ९८-९९ टक्क्यांची घट नोंदली गेली. अजगर कोठून काढून कोठे टाकला याने केवढा फरक पडतो याचा हा एक दाखला. पण आपल्या कामाचा दाखला त्याच दलदलीतून २०१४ साली आला. अभ्यासकांनी सहा अजगरांना बंद पेट्यांतून २१ ते ३६ किलोमीटर दूर नेऊन सोडले, आणि त्यांच्या अंगातील रेडिओ-प्रेषकांवरून पाहिले, तर सहांपैकी पाच मूळ जागेपासून ५ किलोमीटरांच्या आत परतले. अभनपूरहून रायपूर याच अंतराच्या टप्प्यात येते. म्हणजे अभनपूरचा अजगर आपण रायपूरपलीकडे नेऊन सोडला तर तो निमूटपणे तेथेच राहील असे धरून चालण्यास आधार नाही. तो परतीच्या वाटेला लागला तर मध्ये महामार्ग, वसाहती आणि कुत्री आहेत. आणि परतलाच नाही, तर अनोळखी मुलखात बीळ, पाणी व भक्ष्य शोधत भटकणारा, दिवसाउजेडी उघड्यावर येणारा अजगर आपण निर्माण केलेला असतो. त्याची वर्दी दुसऱ्या एखाद्या सर्पमित्राकडे जाते. आमचे मत असे की सुटका करून आणलेला अजगर त्याच शिवारात, बांधाच्या पलीकडच्या झुडपात किंवा पाटाच्या शांत टोकाला सोडावा, आणि शेतकऱ्याची समजूत घालण्याचे अधिक अवघड काम आपण पत्करावे. त्यासाठी घुशींनी फस्त केलेल्या धानाचा हिशेब हा उपदेशापेक्षा उपयोगी पडतो. छत्तीसगडातच जांजगीरजवळच्या भडेसर गावी एका जुन्या पोकळ झाडात अजगरांचा वास असून ग्रामस्थ त्यांना इजा करीत नाहीत, असे वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. अशी समजूत कोणा खात्याच्या हुकमाने घातली गेलेली नाही.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत पकडणे हेही मोडते; तेव्हा वनखात्यास कळविल्यावाचून पोत्यात घातलेला अजगर म्हणजे, हेतू कितीही चांगला असो, गुन्ह्याचा मुद्देमाल. पंचनामा होतोच, आमचे म्हणणे इतकेच की त्या पंचनाम्यात शास्त्राच्या उपयोगाचे काहीतरी असावे. 'अंदाजे बारा फूट अजगर, सुरक्षित सोडला' या मजकुराने जातीच्या वितरणाविषयी कोणालाही काही कळत नाही. फीत लावून मोजलेली लांबी, वेळ व हवेचे तापमान, पोटात भक्ष्य होते काय, नेमके ठिकाण, आणि सोडल्याचे ठिकाण त्यापासून किती दूर, एवढे लिहावे. शिवाय डोक्याचे एका बाजूने स्पष्ट छायाचित्र घ्यावे, कारण भारतीय अजगरात वरच्या ओठाचा खवला डोळ्याला भिडतो आणि ब्रह्मी अजगरात मध्ये लहान खवल्यांची रांग असते. शहरांतून परदेशी सर्प पाळण्याची हौस वाढत असता हा फरक टिपणे केवळ पुस्तकी राहिलेले नाही.

शेवटी उन्हाळ्याविषयी. हिवाळ्यात जोड लागलेल्या माद्या पुढे अंडी घालून सुमारे दोन महिने त्यांभोवती वेटोळे घालून बसतात. अशी मादी स्नायू कंपित करून अंड्यांना ऊब देते, हे पॅरिसच्या प्राणिसंग्रहात १८४१ साली वालांसिएन यांनी ब्रह्मी अजगराच्या मादीवर तापमापी लावून पाहिले आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधील अभ्यासकांनी नेमक्या मापांनी सिद्ध केले. कालव्यांची गाळकाढणी व बांधांची खोदाई याच काळात चालते, आणि यंत्राच्या दातांपुढे अंडी आली की ती उचलून कृत्रिम उबवणीस नेण्याची घाई होते. ती शेवटचा उपाय म्हणूनच करावी, आणि करावीच लागली तर अंडे जसे पडले असेल तसेच, न उलटवता न्यावे. पहिला उपाय तेवढा तुकडा दोन महिने सोडून काम पुढे नेण्याचा. आणि तशी विनंती पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यास अंडी सापडल्यावर करण्याऐवजी कामाचा आराखडा कागदावर असतानाच, अजगरांच्या जुन्या नोंदी सोबत जोडून करावी.